पंधरवडा सरेपर्यंत

इंदापूर,
२५ ऑगस्ट १९५४

ती. गं. भा. ठमाआक्कांस,

प्रयागचा नमस्कार. दीड वर्षानं लिहिते आहे. दौत उघडली तर शाई वाळून गेलेली, पाणी घालून लिहिते, अक्षर फिकं दिसलं तर समजून घ्या.

सोमवारी सांगवीत आपल्या रानाचा लिलाव झाला. हे संध्याकाळी घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि न जेवता निजले. कालपासून शाळेत जातात, येतात. मी विचारून विचारून थोडंथोडं काढून घेतलं. बेलिफानं डफ वाजवून रानाच्या चारी बाजू दाखवल्या. गावातली माणसं बांधावर बसून हसत होती म्हणे. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, आपलंच रान हाय, आपणच बोली लावा की!" शेवटी पिंपळीच्या आबासाहेबांची बोली राहिली. एक वार, दोन वार, तीन वार झालं आणि रान त्यांच्या नावावर बोललं गेलं.

आक्का, ही पाळी आम्ही हौसेनं आणली नाही. रान सामाईक, निम्मं दत्तोबादादांचं म्हणजे आता तुमचं, निम्मं ह्यांचं. दादा गेले आणि ह्यांनी आपला वाटा मागितला. दहा वर्षं आम्ही इथं भाड्याच्या दोन खोल्यांत काढतो आहोत, रंगू आता बारा वर्षांची झाली. मास्तरच्या पगारात घर उभं राहत नाही. तुम्ही वाटणीला नाही म्हणालात. कोर्टाचं समन्स आलं तर हातात घेतलं नाही, बेलिफ ते दाराला चिकटवून गेला. तुम्हाला वाटलं, घेतलं नाही म्हणजे आलंच नाही. मग कोर्टानं सांगितलं, एवढ्या लहान रानाचे कायद्यानं दोन तुकडे पडत नाहीत, विका आणि पैसे वाटून घ्या.

एक गोष्ट मात्र मनात खुपते. लिलावाच्या वेळी तुम्ही उगवतीच्या कोपऱ्यात उभ्या राहिलात आणि हलला नाहीत. बेलिफ म्हणाला, "बाई, हद्द दाखवायचीय, बाजूला व्हा." तुम्ही म्हणालात, "हद्द तिकडून दाखवा. हितं पाय ठेवायचा न्हाय." वाटणीचं बोलणं निघालं तेव्हाही तुम्ही हेच म्हणत होता. विहीर घ्या, लिंबं घ्या, मला तेवढा कोपरा द्या. आम्हाला न कळण्याइतके आम्ही खुळे नाही. त्या कोपऱ्यातून पाटाची चारी रानात येते. कोपरा ज्याचा, त्याच्या हातात सगळं पाणी. तुमच्याकडून मला ही लबाडी वाटली नव्हती.

तुमची,
प्रयाग

•

सांगवी,
२९ ऑगस्ट

चि. सौ. प्रयागला आक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तूच मला चुलीपुढं बसवून राखेत बोटानं अक्षरं शिकवलीस. त्याच अक्षरांत तू मला लबाड लिवलंस. वाचता येत नसतं तर बरं झालं असतं.

चारीचं पाणी मला नगं. हे रान गेलं तरी मी उपाशी मरत न्हाय, माळाची जिरायत हाय, एकटीला पुरतं. पर त्यो कोपरा मला पायजे. का पायजे ते इचारू नगंस.

मी बारामतीला वकिलाकडं जाऊन आले. त्यानं मला नीट समजावलं. तीन वार बोललं म्हंजी रान गेलं असं न्हाय. कोर्ट महिनाभर वाट बघतं. तेवढ्यात दोन्ही हिस्सेदारांनी मिळून अर्ज दिला, की आमचं आपसांत मिटलंय, आन् घेणाऱ्याचा पैसा परत करून वर त्याच्या नुकसानीचं शेकडा पाच भरलं, तर लिलाव मोडता येतो. महिन्यात कुणी आलं न्हाय, तर कोर्ट लिलाव कायम करतं. मग काही चालत न्हाय.

नुकसानीचं मी भरते. म्हैस इकते. भावजींच्या वाट्यापोटी लिंबाचं सगळं पीक दर साली त्यांचं, त्यांचं घर हुईपर्यंत. मी एक लिंबू तोडणार न्हाय. भावजींना म्हण, एक सही द्या. दुसरं काय मागत न्हाय.

रंगू केवढी झाली? वेणी घालती का दोन?

आक्का

•

इंदापूर,
२ सप्टेंबर

ती. आक्कांस,

नमस्कार. काल गणपती बसले. शाडूचा लहानसा आणला आहे. रंगू दोन वेण्या घालते.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनीला म्हणावं, कारण सांग." मीही तेच म्हणते. दीड वर्ष कोर्टाच्या खेपा घालून ते थकले. गावात लोकांनी तोंडावर हिणवलं, विधवा भावजयीवर फिर्याद लावली म्हणून. सगळं सोसून झाल्यावर आता तुम्ही म्हणता मोडा, आणि का ते विचारू नका. असं कसं चालेल?

गावातली माणसं काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. ती म्हणतात, दत्तोबादादांनी त्या कोपऱ्यात हंडा पुरून ठेवला आहे. म्हणूनच तिथं कधी नांगर गेला नाही, म्हणूनच सोळा वर्षं तुम्ही मजुरांना सांगत आलात की खाली खडक आहे. मी ऐकून हसले होते. आता हसू येत नाही. काय पुरलंय तिथं, आक्का? भावाभावांचं असेल तर निम्मं आमचं आहे. तेवढं सांगा, म्हणजे सही करायची की नाही ते ठरवू.

वाईट वाटलं तर वाटू द्या. मलाही वाटलंच आहे.

प्रयाग

•

सांगवी,
६ सप्टेंबर

चि. प्रयाग,

तुझं पत्र मी दोन दिस फडताळात ठिवलं. आज काढून परत वाचलं. तू इचारलंस निम्मं आमचं हाय का. निम्मं न्हाय. सगळंच तुझं हाय.

हे पत्र एकटी असशील तवा वाच. रंगूच्या समोर वाचू नगंस.

तुझ्या पहिल्या बाळंतपणाची खोली आठवती का तुला? तू अठरा वर्षांची हुतीस. भावजी पुण्याला मास्तरकीच्या शिक्षणाला. तुला बाळंत हुतानाच ताप चढला तो उतरंना. तू कुणाला वळखत नव्हतीस. लेक झाली हे तुला सांगितलं तरी तू नुसती छताकडं बघायचीस. मी तिला शेळीच्या दुधावर, कापसाच्या बोळ्यानं, अकरा दिस पाजलं. बाराव्या दिशी बारसं करायचं म्हणून पाळणा उतरवून पुसून ठिवला हुता. आदल्या दिशी सकाळी ती दूध घेईना. दुपारी गेली.

तू शुद्धीवर आलीस तवा तुला सासूबाईंनी सांगितलं, थोरल्यानं तिला नीरेच्या काठाला नेऊन ठिवली. तसं झालं न्हाय, प्रयाग. नीरेला पाणी वाढलं हुतं. काठाची माती ढासळत हुती. हे म्हणाले, परक्या जाग्यात कुठं टाकू हिला, आपल्या रानात नेतो. आमी दोघांनी नेली. उगवतीच्या कोपऱ्यात, चारीच्या अल्याड. ह्यांनी खणलं. मी मीठ घातलं. वर बाभळीच्या फांद्या लावल्या, कुत्र्यानं उकरू नये म्हणून.

सासूबाईंनी आमा दोघांना तुळशीपुढं उभं केलं आन् म्हणल्या, "आईला जागा सांगायची न्हाय. सांगितली का ती तितंच जाऊन बसती, मग कूस पुन्हा उघडत न्हाय. माझ्या गळ्याची आण." ह्यांनी आण घेतली. मी पण घेतली. पुढं रंगू झाली, आमाला वाटलं, बरं झालं. मग तुमी इंदापूरला गेलात. सासूबाई गेल्या, हे गेले. आता त्या आणंला मी एकटीच धरून बसले हुते.

पित्रांना तिथी असती. लहान लेकराला तिथी नसती, पिंड नसतो. तिच्यासाठी काय करायचं ते भटाला पण ठाऊक न्हाय. मी काय करत न्हाय. नुसती जाऊन बसते. माझी कूस तर कधी उघडलीच न्हाय. ते अकरा दिस सोडले तर माझ्या मांडीवर लेकरू म्हणून कधी निजलं न्हाय. म्हणून त्या जाग्यात माझं पण थोडं हाय, तेवढं तू मला माफ कर.

हंडा म्हणतात ते हे. आता भावजींना इचार, सही देतात का.

आक्का

•

इंदापूर,
१० सप्टेंबर

आक्का,

मी काय लिहू?

पत्र शाळेच्या वेळेत आलं. मी दार लावून घेतलं. रंगू शाळेतून आली तरी दार उघडायला मला सुचलं नाही, शेजारच्या छबूबाईंनी हाका मारल्या तेव्हा उठले.

सांगवीला येता-जाता नीरेच्या काठानं गाडी गेली की मी आजवर पदर पुढं घेऊन हात जोडले. सोळा वर्षं. आणि दर वेळी रानात जेवायला बसलो ते त्या चारीपासून वीस पावलांवर. तिथं बसून मी भाकरी खाल्ली, हसले, रंगूला चारीत पाय सोडून खेळू दिलं. तुम्ही समोर बसून ते बघत होता.

रागावायला हवं असं वाटतं. सकाळी रागावलेही होते. पण राग सासूबाईंपाशी जातो, दादांपाशी जातो, तुमच्यापाशी येऊन थांबतो आणि मला कापसाचा बोळा दिसतो. मग पुढं जात नाही.

ह्यांना रात्री सांगितलं. पत्र त्यांनी हातात घेतलं, पण वाचलं नाही, मलाच सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे मी माझ्या पोरीच्या अंगावर डफ वाजवायला लावला." पहाटे उठून रजेचा अर्ज लिहिला. येत्या गुरुवारी, सोळा तारखेला, ते सकाळच्या मोटारीनं बारामतीला येतात. तुम्हीही या. वकिलापुढं दोघांनी सह्या करा. घराचं राहू द्या. घर होईल तेव्हा होईल. लिंबंही नकोत.

सह्या झाल्या की मी येईन. मला तिथं घेऊन जा.

प्रयाग

•

सांगवी,
१३ सप्टेंबर

चि. प्रयाग,

तुझं पत्र वाचून मी देवापुढं दिवा लावला. भावजींना म्हण, वहिनीच्या मनात आता काही न्हाय.

म्हैस दिली. चांगल्या घरी गेली. पैसा गाठीला बांधून ठिवलाय. वकिलाला निरोप धाडलाय का आमचं मिटलं म्हणून.

पर गुरुवारी येऊ नका. काल पुनव झाली, आजपास्नं पित्रांचा पंधरवडा लागला. ह्यांची तिथी द्वादशीला हाय. ह्या दिसांत मातीचा कागद करायचा न्हाय, प्रयाग. आपल्याकडं ह्या पंधरवड्यात कुणी खरेदी करत न्हाय, बैल घेत न्हाय, पाया खणत न्हाय. आन् हा कागद तर त्या लेकराच्या जाग्याचा. तोच आपण पित्रांत करायचा? माझं मन धजत न्हाय. आधीच तिच्या वाट्याला काय कमी आलंय?

महिन्याची काळजी करू नका. नेमाच्या दिसांत सुतकाचं दिस कुणी धरतं का? तसंच हे, पित्रांचं दिस महिन्यात धरायचं नसतात. गणपतीला कोर्ट बंद हुतंच की. आन् आबासाहेब पण आपल्यातलेच, आईबापाची पित्रं करणारे. ते तरी पंधरवड्यात कागद करून घेतील व्हय?

अमावास्या झाली का दुसऱ्या दिशी घट बसतात. त्याच्या दुसऱ्या दिशी, बुधवारी, तिघंबी या. भावजी आन् मी सही करू, मग तुला रानात नेते. नवरात्रात केलेलं काम टिकतं.

रंगूला आणायचं का न्हाय ते तुझं तू बघ.

आक्का

•

इंदापूर,
१७ सप्टेंबर

ती. आक्कांस,

नमस्कार. तुमचं पत्र बुधवारी संध्याकाळी मिळालं. ह्यांनी कोट काढून ठेवला होता, टिफिनाचा डबा घासून ठेवला होता.

तुमचं म्हणणं वाचून म्हणाले, "कोर्टाला पंधरवडा नसतो. बुधवारी बावीस तारखेला महिना भरतो." मला ते पटलं. खरंच पटलं. तरी मीच त्यांना थांबवलं. मी म्हटलं, "दीड वर्ष तुम्ही आक्कांच्या शब्दाविरुद्ध गेलात, त्यातून काय निघालं ते बघितलंत. आता पुन्हा नको." ते बराच वेळ कोटाच्या बाहीवरून हात फिरवत राहिले. मग कोट परत खुंटीला लावला.

आणि मलाही भीती वाटली, आक्का. त्या वेळी कुणाचं काय चुकलं मला ठाऊक नाही. सोळा वर्षं मी मनातल्या मनात शोधते आहे, की मी काय खाल्लं, कुठं ओलांडलं, कुणाचा दिवस मोडला. आता तिच्या नावानं पहिलं काम करायचं आणि तेही वाईट दिवसांत, असं मला होईना. तिच्या नावानं म्हणते, पण नाव तरी कुठं आहे?

तेव्हा बुधवारी एकोणतीसला येतो. तिघंही. रंगूला मी सांगितलं आहे. तिनं विचारलं, "ती माझ्यापेक्षा मोठी असती का?" मी म्हटलं, हो, चार वर्षांनी.

दादांच्या तिथीला इथंही पान वाढते.

प्रयाग

•

सांगवी,
२६ सप्टेंबर

प्रयाग,

रान गेलं.

द्वादशीचं सगळं उरकून मी काल बारामतीला गेले. बुधवारी येताना काय काय कागद आणायचं ते इचारायला. वकील मला बघून खुर्चीतनं उठला. म्हणला, "बाई, आता आलात? गुरुवारी लिलाव कायम झाला."

मी म्हणलं, "आबासाहेब पित्रांत कोर्टात आलं व्हय?" तो म्हणला, "आले नाहीत. त्यांना यावंच लागत नाही. त्यांनी पैसे आधीच भरले होते. तीस दिवस कुणाचा अर्ज आला नाही, एकतिसाव्या दिवशी जज्जसाहेबांनी सही केली. यात कुणी काही करावं लागत नाही, बाई. नुसते दिवस जावे लागतात."

मी पंधरवड्याचं सांगितलं. कारकून हसला. वकील हसला न्हाय. म्हणला, "मला तुमचा निरोप आला, तेव्हा मी माणसाजवळ उलट निरोप दिला होता, बावीसच्या आत या." त्यो निरोप मला मिळाला हुता, प्रयाग. मी त्यो पण पंधरवड्यावर ढकलला. मला वाटलं, वकील लोक भिववतात.

आता काय करता येतंय का इचारलं. म्हणला, फसवणूक झाली असती, दवंडी चुकली असती, तर बोलता आलं असतं. तसलं काही न्हाय. सगळं रीतीनं झालंय.

पैसा तसाच गाठीला घेऊन परत आले. मोटारीत शेजारची बाई म्हणली, पोटात दुखतंय का. मी व्हय म्हणलं.

बुधवारी येऊ नका. कशाला येता.

आक्का

•

इंदापूर,
१ ऑक्टोबर

आक्का,

"मी तुम्हाला दोष देत नाही" असं लिहिलं होतं, ते खोडलं. वरची काट त्याची आहे. दोष देते. मग मला आठवतं की कोट मी खुंटीला लावायला लावला. तुम्ही लिहिलंत, मी थांबवलं. मोटार सुटायला एक रात्र राहिली होती.

हे मंगळवारी, घट बसले त्याच दिवशी, कुणाला न सांगता बारामतीला जाऊन आले. कोर्टात कारकुनापुढं उभे राहून म्हणाले, त्या रानात माझी मुलगी आहे. हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्याबरोबर गेलेल्या मास्तरांनी सांगितलं. कारकून वाईट माणूस नव्हता म्हणे. त्यानं नकाशा काढला, विहीर दाखवली, लिंबाची झाडं दाखवली, चारी दाखवली. म्हणाला, "मास्तर, यात तसं काही मांडलेलं नाही." ते नकाशाकडं बघत राहिले, मग घरी आले. आपल्या वाट्याचे पैसे कोर्टातून उचलणार नाही म्हणतात. उचलावे लागतील. रंगू आहे.

ताबा द्यायला बेलिफ सोमवारी अकरा तारखेला येणार असं कळलं. आम्ही रविवारी निघतो. तुम्ही नको म्हणालात तरी येते. कूस न उघडण्याची भीती आता संपली, मी चौतीस वर्षांची आहे. तुम्ही फक्त जागा दाखवा. हात धरून दाखवा, नुसतं बोट नको.

प्रयाग

•

सांगवी,
१४ ऑक्टोबर

माझ्या प्रयागला,

तुमी गेलात त्याला तीन दिस झालं. घरात तुझ्या केसांच्या तेलाचा वास अजून हाय.

त्या दिशी तू बांधावर मला एकच इचारलंस, आन् मी उत्तर दिलं न्हाय. बेलिफ पंचांची नावं पुकारत हुता, अंगठे घेत हुता, आबासाहेब छत्री मिटून उभे हुते. भावजी चारीत पाय सोडून बसले ते उठंनात. इतक्या माणसांत तिचं सांगावं असं मला वाटंना. म्हणून आता लिवते.

आधी तितलं सांगते. तुमी गेल्यावर आबासाहेब माझ्या दारात आले. म्हणले, "बाई, मला कुणी सांगितलं असतं तर मी बोलीच लावली न्हसती. मी अजून बी कोपरा नांगराबाहेर ठिवतो. त्या धाकल्या बाई न्हाय का म्हणल्या?" मी म्हणलं, तिचं तिला माहीत. पर मला कळलंय तू न्हाय का म्हणलीस. परक्याच्या रानात राखलेला जागा म्हंजी येणारा-जाणारा इचारणार, हे काय, आन् कुणीतरी सांगणार. ती चार माणसांच्या तोंडी जायाला नगं हुती तुला. बांधावर त्यांनी कोपरा सोडतो म्हणलं, तवा तू त्यांना म्हणलीस, "नांगरा तुम्ही. भाजी लावा." ते ऐकून त्यांनी टोपी काढली. मंगळवारी नांगर फिरला. मी घरात हुते, पर बैलांचा आवाज येत हुता.

आता तू इचारलंस ते. तू इचारलंस, "कशी होती?"

काळीसावळी हुती. रंग भावजींचा. कपाळ तुझं, रुंद. केस लई, मानंवर उतरलेले, दाईनं हसून म्हणलं हुतं, ही वेणी घेऊनच आली. डाव्या भुवईत मधीच केस न्हवते, बारीक फट हुती, कुणी बोटानं पुसल्यावाणी. रडायची कमी. भूक लागली का रडायची न्हाय, नुसती तोंड हलवायची आन् वाट बघायची. मला त्याचंच वाईट वाटायचं. मूठ घट्ट धरायची, अंगठा आत घालून. सोडवायला गेलं का कपाळाला आठी. दिव्याची वात हलली का त्या अंगाला डोळं फिरवायची. सासूबाई म्हणायच्या, एवढ्या लहान लेकराला दिसत न्हाय. पर तिला दिसत हुतं. मी बघितलंय.

निजली का एकदम निजायची, दोन्ही हात डोक्याकडं टाकून. तुझी रंगू अशीच निजायची. रंगू झाली तवा मी तुझ्या खोलीत येऊन तिला निजलेली बघितली आन् बाहेर गेले. तू म्हणलीस, आक्का आनंदानं रडती. तसंच समज.

आन् एक. तुला वाटतं तू तिला कधी घेतली न्हाईस. घेतली हुतीस. सहाव्या दिशी. तुझा ताप जरा उतरला हुता, पर डोळं मिटलेलंच. मी तिला तुझ्या कुशीत ठिवली, म्हणलं, बघ तरी. तू डोळं उघडलं न्हाईस. हातानं चाचपलंस. डोक्यावरनं, पाठीवरनं, खाली पायापर्यंत. पायाशी हात थांबला. आन् तू म्हणलीस, साफ म्हणलीस, "पाय गार आहेत. पायात काहीतरी घाला." मग परत गुंगी आली.

मी माझ्या जुन्या चोळीचं कापड फाडलं आन् दोन पिशव्यांवाणी शिवून तिच्या पायांत घातलं. त्या दिसापास्नं ते काढलं न्हाय. शेवटी नेली तवा बी ते पायांतच हुतं.

तुझी,
आक्का